एका तासावरचा मामा

आमचं दुकान बॅगांचं. हुबळीच्या बाजारात आजोबांनी ते सुरू केलं तेव्हा पत्र्याच्या ट्रंका खपायच्या, वडिलांच्या काळात रेक्झिनच्या सुटकेसा आल्या आणि माझ्या वाट्याला चाकांच्या ट्रॉली बॅगा आल्या. तीन पिढ्या आम्ही लोकांच्या प्रवासावर पोट भरतो आहोत आणि स्वतः कुठेही जात नाही. आजोबा सांगलीकडून इथे आले तेवढाच आमच्या घराण्याचा मोठा प्रवास. त्यानंतर जो तो गल्ल्यावर बसला.

असं असूनही, प्रवासातलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या बाजारात नाही अशी माझी खात्री होती. हुबळीत विमानं वाढली तशी गिऱ्हाइकं विचारायला लागली, की केबिनमध्ये केवढी बॅग चालते, आत काय ठेवू देतात, काय काढून घेतात. मी फोनवर बघून सांगायचो. असंच बघताना एक दिवस मला एक पान सापडलं. त्यात दोन विमानतळांची नावं टाकली की नकाशावर एक सरळ रेष उमटते, खाली हवाई अंतर येतं आणि त्याखाली उड्डाणाला लागणारा वेळ. मला त्या पानाचं वेडच लागलं. कोणी नुसती शाळेची सॅक घ्यायला आलं तरी मी विचारायचो, "पाहुणे कुठे असतात तुमचे?" त्यांनी गावाचं नाव घेतलं की मी लगेच अंतर आणि वेळ सांगून मोकळा. लोक म्हणायचे, "अण्णांना सगळं पाठ आहे की!" मी मान हलवायचो. मी स्वतः एकदाही विमानात बसलो नव्हतो. न विचारलेलं सांगायची मला एरवी फार हौस, पण एवढं मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही.

माझी सगळ्यात लाडकी रेष हुबळी ते पुणे. पुण्यात माझी धाकटी बहीण असते. रस्त्यानं जायचं तर रात्रभराची बस आणि सकाळी आखडलेली मान. पानावर मात्र पावणेचारशे किलोमीटर आणि एक तास. "बहीण काय, एका तासावर आहे," असं मी ज्याला त्याला सांगायचो. पूर्वी दर भाऊबीजेला त्या बसमधून अंग मोडून घेत मी जायचो. विमान सुरू झाल्यावर बसनं जाणं सोडून दिलं. एका तासाचं तर काम, कधीही जाऊ, असं म्हणायला लागलो. कधीही जाता येतं म्हटल्यावर घाई अशी राहत नाही. यंदा दुकान, पुढच्या वर्षी आईचे गुडघे, त्यानंतर आणखी काही.

बहिणीला मूल झालं ते लग्नानंतर फार वर्षांनी, दवाखान्यांचे उंबरे झिजवून. बारशाला मी शेवटचा बसनं घाईत जाऊन आलो तेव्हा ते दुपट्यातलं गाठोडं होतं, डोळेसुद्धा उघडायला तयार नव्हतं. त्याला तिसरं वर्ष लागलं आणि बहिणीचा फोन आला, की बुधवारी जावळ काढायचं आहे. आमच्यात जावळ निघतं ते मामाच्या मांडीवर. बाळाला मांडीवर घेऊन मामानं पाटावर बसायचं, मगच कात्री लागायची. माझ्या बहिणीला मी एकच भाऊ आणि तिला हा एकच मुलगा, म्हणजे ही मांडी आयुष्यात एकदाच लागणार होती.

"अण्णा, नक्की येतोस ना?" तिनं विचारलं.

"अगं, एका तासाचं तर काम," मी म्हणालो.

"तू दर वेळी हेच म्हणतोस. या वेळी ये. आमच्या सासूबाईंना मामाचं फार असतं. तू आला नाहीस तर त्या शेजारच्या काकांना मामा म्हणून बसवतील, आणि मला ते चालायचं नाही."

सकाळचं विमान होतं आणि जावळ दुपारच्या जेवणाआधी. मी जन्मातलं पहिलं विमानाचं तिकीट काढलं आणि ही बातमी दुकानात, शेजारी आणि समोरच्या चहावाल्याला दिली. आईला दिली तेव्हा तिनं पंचांग काढलं.

"बुधवारी उत्तरेला दिशाशूल," ती म्हणाली. "बुधवारी उत्तरेला निघत नाहीत."

"आई, विमानाला कसलं दिशाशूल?"

"मग विमान काय पुण्याला जाताना दक्षिणेकडनं जातंय?"

मी तिला फोनवरची रेष दाखवली. रेष सरळ उत्तरेला नाही, जराशी पश्चिमेकडे कलते, म्हणजे ती वायव्य आहे, असं मी सिद्ध करून दाखवलं. आईनं चष्मा लावून रेष नीट बघितली आणि म्हणाली, "अर्धी तरी उत्तर आहे की नाही? मग अर्धं शूल लागंल." हुबळीच्या बाजारात मला गप्प करणारं दुसरं कोणी नाही. शेवटी तिनंच तोड काढली. आपण प्रस्थान ठेवायचं.

प्रस्थान म्हणजे असं, की निघायचा दिवस चांगला नसेल तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी आपलं काहीतरी सामान जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. फडक्यात सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधून ठेवले तरी चालतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग माणूस खरा कधी का निघेना, जाताना ते सामान उचलायचं आणि तिथूनच पुढे जायचं. ते परत घरात मात्र आणायचं नाही. आणलं तर निघालेला माणूस परत आल्यासारखं होतं.

फडकं बांधून ठेवलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मी पडलो बॅगवाला. म्हटलं, पुरचुंडी कशाला, अख्खी बॅगच ठेवतो, म्हणजे बुधवारी नुसतं उचलून निघायचं. दुकानातली सगळ्यात चांगली केबिन बॅग काढली. त्यात भाच्यासाठी शिवून घेतलेला झबला-टोपीचा जोड, चांदीची वाटी, माझे कपडे, दाढीचं सामान, चष्म्याची जादा जोडी आणि आधार कार्ड असं सगळं भरलं. ते कार्ड हल्ली फोनमध्येही ठेवता येतं म्हणे, पण माझ्या फोनमध्ये नव्हतं. आईनं वर सुपारी-तांदळाची पुरचुंडी ठेवली, आणि सोमवारी मी ती बॅग समोरच्या अप्पांकडे नेऊन दिली. आमच्या कमरीपेठेतल्या गल्लीत त्यांचं घर बरोबर उत्तरेला पडतं.

अप्पा वयानं थोर, बोलणं सगळं कानडीत, आणि प्रस्थान म्हटल्यावर त्यांना फारच हुरूप आला. त्यांनी बॅग देवघराशेजारी ठेवली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. "चिंती माडब्याड्री," म्हणाले. म्हणजे काळजीच करू नका. मी काळजी करत नव्हतोच.

मंगळवारी सकाळी दाढी करायला गेलो तर सामान बॅगेत. बायको म्हणाली, जाऊन घेऊन या. आई म्हणाली, प्रस्थानातलं काही काढायचं नाही. सलूनमध्ये जावं तर मंगळवारी आमच्याकडची सगळी सलून बंद. खुंट वाढवून दुकानात बसलो. दुपारी उन्हात चष्म्याची काडी सैल झाली, जादा जोडी अप्पांच्या देवघरात. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी खरोखरच निघून गेलो आहे आणि इथे मागे उरलंय ते माझं बिनकामाचं शरीर. हे मी चहावाल्याला सांगितलं तर तो हसला. मीही हसलो. अजून हसायला येत होतं.

बुधवारी सकाळी अंघोळ करून, आईच्या हातचं दही-साखर खाऊन मी समोर गेलो, तर अप्पांच्या दाराला कुलूप.

फोन लावला. अप्पा कलघटगीच्या बसमध्ये होते. शेतावर अचानक काम निघालं म्हणून नवराबायको पहाटेच गेले होते. पण अप्पा जबाबदार माणूस. मला बॅग मिळावी म्हणून किल्ली मुलाकडे देऊन गेले होते. मुलाला फोन लावला. मुलगा तारिहाळच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला पोचला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती. "अय्यो, मर्तबिट्टे री अण्णा," तो म्हणाला. विसरला होता बिचारा, आणि पाळी सोडून त्याला येता येत नव्हतं.

"कुलूप तोडा," बायको म्हणाली.

"प्रस्थान कुलूप तोडून काढतात काय कोण?" आई म्हणाली. "चोरी केल्यासारखं होतंय ते. पोराच्या कामाला चाललाय तो."

मी स्कूटर काढली. तारिहाळला जाणारा रस्ता गोकुळ रोडनं विमानतळाच्या बाजूनंच जातो, हे मला माहीत होतं, पण ते असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. विमानतळाचं वळण डाव्या डोळ्यानं बघत मी पुढे गेलो. टॅक्सीतून लोक उतरत असतील, रांगेत उभे राहत असतील, असे विचार मनात. कारखान्याच्या फाटकावर किल्ली घेतली, मागे फिरलो, पुन्हा तेच वळण बघत घरी आलो, कुलूप उघडलं. बॅग हळदकुंकू लावून शांत उभी होती. ती उचलली, रिक्षा केली आणि त्याच वळणावर तिसऱ्यांदा आलो. रिक्षावाला मराठी होता. त्यानं विचारलं, "पहिल्यांदा चाललाय काय विमानानं?" मी म्हणालो, "छे!" एका अर्थानं खरंच होतं. विमानतळापर्यंतचा माझा तो तिसरा प्रवास होता.

आत सोडलं ते अगदी शेवटच्या क्षणी. तपासणीला बॅग मशीनमधून गेली आणि बाजूला काढली गेली. तिथल्या बाईंनी माझं दाढीचं सामान उघडून ब्लेडची पाकिटं आणि मिशांची कात्री काढून टोपलीत टाकली. "हे केबिनमध्ये चालत नाही, माहीत नाही का?" त्यांनी हिंदीत विचारलं. माहीत होतं. दुकानात गल्ल्याच्या मागे मी तशी पाटीच लावली आहे, मोठ्या अक्षरात, दोन भाषांत. मी मान खाली घातली. पुरचुंडी मात्र त्यांनी वास घेऊन परत दिली. दाढी करायचा शेवटचा मार्ग टोपलीत पडला आणि मी धावत जाऊन बसायच्या हॉलमध्ये पोचलो. तिथे कळलं, की विमानच अजून आलेलं नाही.

विमान आल्यावर जे झालं त्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. एकदा चाकं जमिनीवरून उचलली, ती पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ एक तासच. पान खोटं बोललं नव्हतं. ते फक्त विमानाबद्दल बोलत होतं आणि मला वाटत होतं, की ते माझ्याबद्दल बोलतंय. पुण्यात उतरून बहिणीच्या घराकडे टॅक्सी केली. विमानतळ शहराच्या एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला. सगळं पुणे रस्त्यावर उतरलं होतं. हुबळी सोडून पुण्याला यायला लागला त्याहून जास्त वेळ मी पुण्यातून पुण्यात जायला घेतला. मधेच बहिणीचा फोन.

"अण्णा, कुठे आहेस?"

"आलोच. पूल दिसतोय."

"कुठला पूल?"

मला कुठला ते सांगता येईना. मग ती हळू आवाजात म्हणाली, "न्हावी जातो म्हणतोय. सासूबाई म्हणतायत, शेजारच्या काकांना बसवून उरकून घेऊ, पोर झोपेला आलंय. मी नाही म्हणून सांगितलंय. सगळे उपाशी आहेत. तू ये रे."

तेव्हा मात्र मला हसू येईनासं झालं. तिच्या लग्नात, तिच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत, मी कधी फारसा कामाला आलो नव्हतो. मी एक मांडी देणं लागत होतो आणि तीसुद्धा वेळेवर पोचत नव्हती. टॅक्सीत बसल्या बसल्या मला माझा इतका राग आला, की मी ड्रायव्हरवर ओरडलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही चालवता का?"

पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. बहिणीनं दार उघडलं. माझा दोन दिवसांचा खुंट, हळदकुंकू लागलेली बॅग आणि घामाघूम अवतार बघून आधी तिला हसू आलं आणि मग डोळे भरून आले. "आलास," एवढंच म्हणाली. आत गॅलरीजवळ पाट मांडला होता, भोवती रांगोळी. शेजारचे काका नवा सदरा घालून सोफ्यावर तयारीत बसले होते. मला बघून ते बिचारे उठून उभे राहिले. न्हाव्यानं माझ्या गालांकडे बघितलं आणि विचारलं, "आधी कोणाचं काढायचं?" सगळे खो खो हसले, आणि मीही हसलो, कारण पोचल्याचा आनंद मोठा होता.

भाचा बापाच्या खांद्यावर होता. दाट काळं जावळ कपाळावर आलेलं, डोळे झोपेनं जड. मी बॅग टाकली, हात पसरले आणि म्हणालो, "ये, मामाकडे ये."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि किंकाळी फोडली. बापाच्या मानेत तोंड खुपसलं. मी जवळ गेलो तसं लाथा झाडायला लागला. झबला दाखवला, वाटी वाजवली, काही उपयोग नाही.

"अरे, असं काय करतोस?" बहीण त्याला घेऊन म्हणाली. "रोज मामा मामा करतोस ना? मामा आलाय बघ. सांग बरं, मामा कुठाय?"

हे ऐकून तो रडायचा थांबला. तिच्या कडेवरून खाली उतरला. माझ्या बाजूनं, मला वळसा घालून, टीव्हीच्या टेबलाकडे गेला. तिथे चार्जिंगला लावलेला बहिणीचा फोन होता. त्याच्यावर त्यानं हात ठेवला आणि खुशीत येऊन सांगितलं, "मामा!"

रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ती व्हिडिओ कॉल लावायची. मी त्याला बॅगा दाखवायचो, चेन वर-खाली करून आवाज काढायचो, तो टाळ्या पिटायचा. भाचा आपल्याला चांगला ओळखतो, म्हणून मी त्याचंही बाजारात कौतुक सांगितलं होतं. घरातले सगळे हसले, सासूबाईसुद्धा. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. आतून मला इतकं वाईट वाटलं, की कुठे बघावं ते कळेना. बहीण एकटी हसली नाही. "दोन वर्षं झाली, अण्णा, एका तासावरून येतोयस," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात पाणी आणायला निघून गेली.

युक्ती सुचली ती मेहुण्यांना. "तुम्ही त्याला फोन करा," ते म्हणाले. मी त्याच खोलीत उभा राहून बहिणीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. आधी दोन्ही फोन एकमेकांवर कुईं करून ओरडले. मग मेहुण्यांनी दोन्हींचा आवाज बंद केला. मी पाटावर मांडी घालून बसलो, हात लांब करून माझा फोन तोंडासमोर धरला. बहिणीनं आपला फोन मुलाच्या समोर धरला. पडद्यावर मला बघताच त्याचा चेहरा खुलला. खुंट तोच होता, पण त्या चौकटीतल्या मामावर त्याचा भरवसा होता. फोन समोर धरून तिनं त्याला हळूहळू माझ्याकडे आणलं आणि अलगद माझ्या मांडीवर बसवलं. तो बसला.

त्याचं वजन मांडीवर आलं. त्याच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास होता आणि केस माझ्या हनुवटीला लागत होते. न्हाव्यानं हळूच कात्री चालवायला सुरुवात केली. मी तोंडानं चेनचा आवाज काढला. भाचा हसला, आवाज कुठून आला म्हणून मागे वळून बघितलं, माझी दाढी दिसली तसा पटकन पुढे वळून फोनमध्ये बघायला लागला. मी एका हातानं त्याला धरून होतो, दुसऱ्या हातानं फोन. हात भरून आला होता, पण मी हललो नाही. पहिली बट बहिणीनं पदरात घेतली. तिला रडू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं मामाच्या मांडीवर."

मशीन फिरली, शेवटचे केस पडले, टकलू डोक्यावरून न्हाव्यानं पाण्याचा हात फिरवला. तेवढ्यात सकाळपासून चार्जिंग न मिळालेला माझा फोन बंद पडला. भाच्याच्या समोरचा चेहरा नाहीसा झाला. त्यानं बहिणीचा फोन दोन्ही हातांनी धरून हलवला, उलटा करून मागे बघितलं. आणि मग माझ्या मांडीवर बसलेलं ते पोर, मामा गेला म्हणून, मोठ्यानं रडायला लागलं.